मदत हवी आहे: म्युनिकला गेलेला नातू बालवाडीत बोलतच नाही

नमस्कार. मी कोथरूडला राहते. लेक, जावई आणि चार वर्षांचा नातू ऑगस्टमध्ये म्युनिकला गेले. घर मिळालं, विम्याचं झालं, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवायची सवयही लागली. अडलंय ते पोराचं.

इथे जिना उतरेपर्यंत तीन घरांत गप्पा मारून यायचा. तिथे किटात, म्हणजे त्यांच्या बालवाडीत, तीन महिने झाले तरी तोंडातून शब्द नाही. बाई प्रेमळ आहेत, पण जर्मनच बोलतात. घरी आला की तासभर रडतो. आता डिसेंबरात आठला उजाडतं आणि साडेचारच्या आत अंधार, त्यामुळे बागेत नेणंही होत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजी, फोन खिडकीत ने ना, मला रिक्षा ऐकायची आहे." पाच मिनिटं तशीच फोन धरून उभी राहिले.

जावई म्हणतात, घरीही जर्मन सुरू करू. मला पटत नाही. मराठीही सुटली तर त्याने मन मोकळं करायचं कुठे? पण तिथे रोज निभावतात ते दोघं, म्हणून हट्ट धरत नाही.

या वयाची मुलं घेऊन जर्मनीला गेलेल्यांनी कृपया सांगा, मूल बोलतं व्हायला किती दिवस लागले? घरी कोणती भाषा ठेवलीत? आणि सध्याच्या साडेचार तासांच्या फरकात मी इथून रोज गोष्ट सांगितली, तर त्याला आधार होईल की इथली ओढ आणखी वाढेल?