विचारांचा तोल की तारतम्य?

सायली_भा : लहान मेंदूच्या विकारांवरील माहितीपत्रक मी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठीत करत आहे. पेला उचलताना हात त्याच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो, या लक्षणाला ‘डिस्मेट्रिया’ म्हणतात. बॉस्टनच्या डॉ. जेरेमी श्माहमान यांनी हीच संज्ञा विचारांनाही लावली आणि १९९८ मध्ये जॅनेट शेर्मन यांच्यासह दाखवून दिले की, लहान मेंदूला इजा झाल्यास नियोजन, भाषा आणि भावनांवरील ताबाही बिघडतो. मी ‘विचारांचा तोल जाणे’ असे लिहिले. तोल शरीराचाच असतो, असे म्हणून संपादकांनी ते खोडले.

कृष्णाकाठ : ‘बोलताना तोल सुटला’ हे संपादकांनी कधी ऐकलेच नाही काय? माझ्या आत्याच्या लहान मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. पुढे चाल सुधारली, पण ती एकाएकी रडू लागे, नको तेथे हसे, आणि घरचे ‘स्वभाव बदलला’ एवढेच म्हणत राहिले. शरीर आणि मन या दोहोंना पुरणारा शब्द घरात असताना तो का टाकावा?

अनुस्वार : कारण ‘तोल सुटला’ म्हटले की दोष माणसाकडे जातो, आणि आपल्या आत्यांच्या वाट्याला नेमके तेच आले. येथे बिघडते ते माप. ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनावाचक प्रत्ययांपासून बनलेला ‘तारतम्य’ हा शब्द किती आणि कोठवर, हेच सांगतो.

कृष्णाकाठ : ‘तुला तारतम्य नाही’ हा तर त्याहून मोठा ठपका आहे!

दहिवर : शीर्षकात मात्र ‘लहान मेंदू’ असेच राहू द्यावे, ‘सेरेबेलम’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच आहे.

अनुस्वार : मी पाठ्यपुस्तकातील ‘अनुमस्तिष्क’ घेईन. मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज ज्या भागात आहेत, त्याला लहान म्हटल्याने तो दुय्यम वाटतो. ‘अनु’ म्हणजे मागून येणारा, आणि हा भाग मागेच असतो.

दहिवर : ‘अनुज’ म्हणजे धाकटा भाऊच ना? ‘अनुचर’ तर सेवक. दुय्यमपणा संस्कृतातही सुटत नाही.

सायली_भा : आणखी एक अडचण आहे. या भागातील गाठ काढल्यावर काही मुलांची वाचा एक-दोन दिवसांनी जाते आणि कित्येक दिवस, कधी महिनोन्महिने परतत नाही. त्याला ‘अबोला’ म्हणावे काय?

कृष्णाकाठ : मुळीच नको, अबोला रुसलेला माणूस धरतो. ‘वाचा बसणे’ लिहावे.

अनुस्वार : वाचा भीतीनेही बसते. ‘मूकत्व’ अधिक नेमके आहे.

दहिवर : आणि ते वाचून आई समजेल की मूल कायमचे मुके झाले.