प्रतिसाद: रुळतात खरी, पण भाषेचं काय?

"फौजींच्या मुलांना सवयच असते, दोन-तीन वर्षांनी गाव बदललं तरी ती रुळतात," असं वर लिहिलंय. अभ्यासापुरतं मला पटतं. केंद्रीय विद्यालयं १९६३ मध्ये मुळात बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांसाठीच निघाली. पठाणकोट सोडून जोधपूरला गेलं तरी अभ्यासक्रम तोच.

पण घरची भाषा मागे पडते, हे इथे कुणीच म्हटलं नाही. हे फील्डला गेले तेव्हा आम्हाला खडकीत एसएफ क्वार्टर मिळालं. (जवान कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी असला की बायकामुलांना राहायला मिळतं ते.) मुलगी चौथीत होती आणि तोवर महाराष्ट्रात राहिलीच नव्हती. घरात मराठी बोलायची, देवनागरी हिंदीमुळे वाचायची, म्हणून मी निश्चिंत होते. एक दिवस बसची 'आळंदी' अशी पाटी वाचताना ती अडली. "आई, हे मधलं अक्षर कोणतं?" ळ! हिंदीच्या पुस्तकात तो नसतोच. मला फार लागलं ते. साताऱ्याला तिचे आजोबा होते, त्यांना सांगितलं. त्यांनी दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवायला सुरुवात केली, उत्तर मराठीतच हवं या अटीवर. सुरुवातीला दोन ओळी लिहायला तिला तासभर लागायचा, रडायचीसुद्धा. वर्षभरात कार्ड पुरेना, मग वही केली. हे सुट्टीवर आले आणि परत जाताना ती वही ट्रंकेत घालून घेऊन गेले.