'प्रॉपगेट' म्हणजे 'पसरवणे'? मला पटत नाही

खुंटकलम, दापोली
आमच्या रोपवाटिकेच्या पाटीवर इंग्रजीत 'मँगो प्रॉपगेशन' आणि खाली मराठीत 'आंबा प्रसार' असं रंगवलंय. पाटी नवी करायची आहे, म्हणून विचारतो. शब्दकोश 'पसरवणे, प्रसार करणे' सांगून मोकळे होतात. पण लॅटिनमधलं 'प्रोपागो' म्हणजे जमिनीत दाबून मुळं फुटू दिलेली फांदी. म्हणजे आपलं दाब कलमच की! रोमन शेतकरी द्राक्षवेल अशी वाढवत. इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकात आलं. मुद्दा पसरण्याचा नाहीच, आईच्या गुणाचं दुसरं झाड उभं करण्याचा आहे.

मास्तरीण, गुहागर
शब्दाचा अर्थ त्याच्या पणजोबांना विचारून ठरत नाही हो. 1622 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी मंडळ काढलं, त्याच्या नावात 'प्रोपागांदा' होतं. तिथूनच आजचा प्रोपगंडा. त्याची बदनामी मुख्यतः पहिल्या महायुद्धापासूनची. आणि भौतिकशास्त्रात लाट प्रॉपगेट होते, तिथे कुठली आई आणि कुठलं कलम?

खुंटकलम, दापोली
पोपचा दाखला माझ्याच बाजूचा झाला. श्रद्धा जशीच्या तशी परमुलखात रुजवायची होती ना? लाटेतही पाणी जवळपास जागेवरच असतं, पुढे जातो तो हेलकावा. नुसतं विखुरायला इंग्रजीत 'ब्रॉडकास्ट' आहे. मूळ अर्थ हाताने बी फोकणे. रेडिओवाल्यांनी तो 1920 च्या दशकात उचलला.

कातळसडा, देवगड
लॅटिन माका कळत नाय, पण हापूसची बाठ पुरलंस तर झाड येतला, हापूसच येतला ह्याची हमी नाय. म्हणून तर कोय कलम. रायवळाच्या, म्हणजे बाठीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या, बाठीचा तांबूस पानांचा कोवळा रोप घ्यायचा, शेंडो उडवून मधी चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी. ह्याक 'प्रसार' म्हणतत? प्रसार निवडणुकीत करतत.

मास्तरीण, गुहागर
निवडणुकीत प्रचार करतात, ते असो. नारळाचं काय? त्याला कलम नाही, नारळ पुरूनच रोप करावं लागतं. तरी इंग्रजी पुस्तकं त्यालाही प्रॉपगेशनच म्हणतात. आईचे गुण जसेच्या तसे हा तुमचा आग्रह तिथेच कोसळतो. अफवा प्रॉपगेट होते असंही सर्रास लिहितात, आणि अफवा तर दर घरी नवी होते.

खुंटकलम, दापोली
पारावरची अफवा रायवळ. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड मात्र अस्सल कलम, शुद्धलेखनाच्या चुकांसकट! नारळाचं म्हणाल, तर तिथेही चांगला माड हेरूनच बियाणं काढतात, वाऱ्यावर सोडत नाहीत.

मास्तरीण, गुहागर
हेरणं वेगळं, हुबेहूब येणं वेगळं. मूळ अर्थ जपायचाच तर 'दाबलेली फांदी' वगैरे लिहा पाटीवर. कृषीच्या पुस्तकांत 'अभिवृद्धी' आहे, तो सरळ वापरा. त्यात बी आणि कलम दोन्ही येतात.

खुंटकलम, दापोली
'आंबा अभिवृद्धी केंद्र' वाचून लोक ठेवी ठेवायला येतील.

कातळसडा, देवगड
'हापूसची कलमां मिळतीत' लिव आणि खाली फोन नंबर घाल.