महापालिकेच्या जन्मनोंदींवरून धर्मनिहाय जननदर काढता येईल का?

घोडबंदर: ठाणे आणि नवी मुंबईच्या वर्षभराच्या जन्मनोंदी घेऊन त्यांना २०११ च्या लोकसंख्येने भागायचं, मग हिंदू-मुस्लिम आणि स्थानिक-परप्रांतीय तुलना करायची, असा विचार आहे. चालेल का?

पारसिक: नाही चालणार. जन्माची नोंद बाळंतपण जिथे झालं तिथे होते. पालघर-रायगडच्या बायका ठाणे-वाशीच्या रुग्णालयांत येतात आणि इथल्या अनेक जणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. त्यामुळे आईच्या राहत्या पत्त्यानेच नोंदी वेगळ्या कराव्या लागतील. धर्म, आईचं शिक्षण, वय, आधीची मुलं हे सगळं नमुना १ च्या (जन्माची माहिती भरायच्या अर्जाच्या) सांख्यिकी भागात असतं. तो भाग वेगळा करून पुढे पाठवतात, निबंधकाच्या नोंदवहीत राहतो तो फक्त कायदेशीर भाग.

भाजकही चुकतोय. २००१ ते २०११ मध्ये ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर धरून) सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला. आजच्या जन्मांना जुन्या लोकसंख्येने भागलंत, तर दर फुगणारच. शिवाय स्थलांतरित बहुतेक तरुण. कुटुंबासह आले तर हजारी जन्मदर (हजार लोकांमागे जन्म) चढतो, बायको गावी ठेवून एकटे पुरुष आले तर पडतो. दोन्ही वेळा बाईमागे मुलं तेवढीच! म्हणून एकूण जननदर काढा, म्हणजे आजच्या दरांनी एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील तो आकडा: १५ ते ४९ च्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट, प्रत्येक गटातले जन्म भागिले त्या गटातल्या स्त्रिया, सातांची बेरीज, गुणिले ५.

आकडेमोड: त्यातही एक खोच आहे. लग्न होऊन नुकत्याच आलेल्यांची मुलं पहिल्या काही वर्षांत एकगठ्ठा होतात, म्हणून स्थलांतरितांचा दर खरा असतो त्याहून मोठा दिसतो. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना एकूण किती मुलं झाली, ते पडताळून पाहा.

आता धर्माबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ ला एकूण जननदर मुस्लिम ४.४, हिंदू ३.३ होते. २०१९-२१ ला २.३६ आणि १.९४. अंतर निम्म्याहून कमी झालं. त्याच फेरीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८, बारावी आणि पुढे शिकलेल्यांचा १.८, बिहार ३.०, महाराष्ट्र १.७. शिक्षण आणि मूळ राज्य सारखं न ठेवता केलेली धर्मनिहाय तुलना कृपा करून छापू नका, लोक ती शस्त्रासारखी वापरतात.

घोडबंदर: आणि दोन अपत्यांची अट? तिचा परिणाम कसा मोजायचा?

पारसिक: पालिका-पंचायत निवडणुकीला ती १२ सप्टेंबर २००१ पासून, सरकारी नोकरीला २८ मार्च २००५ पासून. लागू होते मूठभरांना. अशी अट नसलेला केरळही १.८ वर आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या १.७ चं श्रेय तिला देऊ नका.