पिन-पार्वती खिंड: फॉर्मवर मागच्या वर्षीचं खरं लिहू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिन-पार्वती खिंडीच्या ट्रेकला नाव नोंदवलंय. बारा जणांचा गट, सोबत गाइड, स्वयंपाकी, पोर्टर असा सगळा लवाजमा. पैसे भरून झाले, बूट घेऊन झाले, घरच्यांची कुरकुर ऐकून झाली. राहिलाय फक्त एक फॉर्म, आणि तिथेच गाडी अडलीय.

ज्यांना हा ट्रेक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिमाचलात कुलूच्या बाजूने पार्वती खोऱ्यातून चढायचं आणि खिंड ओलांडून स्पितीच्या पिन खोऱ्यात उतरायचं. बरशैणीला गाडी सोडली की खीरगंगा, टुंडाभुज, ठाकूर कुआँ, ओडी थाच करत मानतलाई तलाव, मग पार्वती हिमनदी, ५,३१९ मीटरवरची खिंड आणि पलीकडे मुद गाव. साधारण शंभर किलोमीटरची चाल. अलीकडे जंगल, थाच म्हणजे गवताळ कुरणं आणि पाणीच पाणी. पलीकडे पाऊस पोचतच नाही असे कोरडे, मातकट डोंगर. सर लुई डेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८४ साली ही खिंड ओलांडल्याची नोंद आहे. मेंढपाळ त्या भागात किती पिढ्या वावरतायत त्याची नोंद कोण ठेवणार म्हणा!

तर फॉर्म. त्यात एक ओळ आहे: 'यापूर्वी उंचीवर त्रास झाला आहे का? असल्यास तपशील द्या.' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

माझं वय ५२. हिमालयात याआधी दोन ट्रेक झालेत. मागच्या वर्षीच्या ट्रेकला सुमारे ४,२०० मीटरवरच्या कॅम्पात संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं. रात्री तंबूच्या मागे जाऊन उलटी केली आणि बुटाने वर बर्फ ओढला, मांजर माती ओढतं तसा. सकाळी गाइड बोटाला ऑक्सिमीटर लावायला आला, तेव्हा आकडा बरा यावा म्हणून आधी हात चोळून ठेवले होते. "दीदी, सर में दर्द?" "नाही हो, एकदम मस्त!" वर गेले, उतरले, काही झालं नाही. फोटोही छान आले. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आज इथे लिहितेय कारण इथे मला कुणी ओळखत नाही.

आता 'हो' वर खूण केली तर गटातून काढतील का? आणि 'नाही' वर केली तर खरंच कितपत धोका आहे? मागच्या वेळी काही झालं नाही, हे या वेळी धरून चालता येईल का?

त्यांनी दिलेलं मुक्कामाचं वेळापत्रक देते, जाणकारांनी नजर टाका. उंची सगळी अंदाजे, मीटरमध्ये. पहिली रात्र खीरगंगा (२,९५०), दुसरी टुंडाभुज (३,३००), तिसरी ठाकूर कुआँ (३,५००), चौथी मानतलाई (४,१००), पाचवी वरचा कॅम्प (४,९००), सहाव्या दिवशी खिंड पार. एक दिवस राखीव, 'हवामानासाठी'.

अजून दोन गोष्टी. हिमनदीवर दोर बांधून चालवतात म्हणे, मी आयुष्यात कमरेला दोर बांधलेला नाही. शिवाय परदेशातला भाचा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र पाठवतो म्हणतोय. खीरगंगाच्या पुढे फोनला रेंज नाही, म्हणून घरच्यांना त्याचा मोठा आधार वाटतोय. आणू का?

*

प्रतिसाद १

ताई, 'हो' वर खूण करा.

हा ट्रेक मी दोनदा केलाय, एकदा खिंडीच्या अलीकडून परत आलोय. मानतलाई सोडलं की हा रस्ता एकमार्गी होतो. वरच्या कॅम्पात तब्येत बिघडली तर मागे बरशैणीपर्यंत तीन-चार दिवस. पुढे मुदपर्यंत दोन-तीन दिवस, पण त्यासाठी आधी आणखी चारशे मीटर चढायचं. विरळ हवेने आजारी पडलेल्या माणसाला वर नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मागच्या वर्षी तुमचा कॅम्प बहुधा असा होता की सकाळी वर जाऊन दुपारपर्यंत खूप खाली उतरता आलं. इथे तशी सोय नाही, खिंड ओलांडल्यावरची रात्रसुद्धा उंचावरच काढायची असते.

आणि गाइडला कळलं तर तो त्याचा उपयोग करतो. दोरावर कुणाला कुठे बांधायचं, कुणाची पिशवी पोर्टरकडे द्यायची, कोणाच्या तंबूत रात्री एकदा डोकवायचं, हे सगळं तो याच माहितीवर ठरवतो. ऑक्सिमीटर त्याला फार काही सांगत नाही. बोट गार असलं तरी आकडा पडतो, आणि हात चोळून वर कसा आणायचा हे तुम्हाला ठाऊकच आहे. :)

*

प्रतिसाद २

एवढं काय त्यात? 'नाही' लिहा, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्या, गपचूप चाला. निम्मा गट तेच करतो. खरं लिहिलं की आधी डॉक्टरांचा दाखला आणा म्हणतात, मग फी जप्त.

*

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी अजिबात सहमत नाही. मी डॉक्टर आहे, स्वतः ट्रेक करते. गोळी मात्र तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासूनच द्यायची, इथे वाचून घ्यायची नाही.

मागच्या वेळी ज्या उंचीवर त्रास झाला तिथे पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढचा अंदाज बांधायला याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. हा त्रास रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही होतो, पंचविशीतल्यालाही होतो. उलट दमदार माणसं भराभर चढतात आणि आधी आडवी होतात. तेव्हा ५२ चा बाऊ करू नका आणि फिटनेसवर विसंबूही नका.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून देतात. त्याने श्वास वाढतो आणि शरीर उंचीला लवकर रुळतं. त्रास झाकून ठेवण्याचं काम ती करत नाही, हा गैरसमज फार पसरलाय. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. झाकण्याचं काम वेदनाशामक करतात: डोकं थांबतं, आजार आत चालूच राहतो.

डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, कमालीचा थकवा किंवा चक्कर असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. थांबून बरं वाटलं नाही तर उतरायचं. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालता येईना, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागू लागली, तर प्रकरण मेंदूपर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत गेलंय. मग मध्यरात्र असली तरी खाली, आणि एकटीने नाही. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे मनाच्या जोरावर काही निभत नाही.

आता तुमचं वेळापत्रक. फॉर्मपेक्षा मला याची जास्त काळजी वाटली. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. तुम्ही चौथ्या रात्री सहाशे चढताय आणि पाचव्या रात्री एकदम आठशे. मधे विश्रांती शून्य! राखीव दिवस हवामानासाठी ठेवलाय, माणसांसाठी नाही. ज्यांना आजवर कधीच त्रास झाला नाही त्यांनाही या आराखड्यात होऊ शकतो. भांडायचं असेल तर यावर भांडा.

*

प्रतिसाद ४

डॉक्टरताईंना दुजोरा. ओडी थाच का गाळलंय? तिथला मुक्काम हवाच. मानतलाईला दोन रात्री आणि वरच्या कॅम्पच्या आधी हिमनदीच्या अलीकडे एक मुक्काम मागा.

दोराबद्दल. घाबरायचं कारण नाही, पण हे गाइडला विचारा: प्रत्येकाला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आहे का, की दोर नुसताच कमरेला गुंडाळणार? एका दोरावर किती जण? बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली बांधायचे दातेरी क्रॅम्पॉन देणार की छोट्या दातांचे, साखळीवाले मायक्रोस्पाइक? हिमनदीच्या भेगेत पडलेल्या माणसाला वर काढायचा सराव त्यांच्यापैकी किती जणांनी केलाय, आणि गाइडने मनाली, उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला कोर्स केलाय का? शेवटच्या प्रश्नावर चिडला तर समजून जा.

चालताना मधला दोर जवळजवळ ताठ ठेवायचा, जमिनीवर लोळू द्यायचा नाही आणि हाताला वेढे घालून तर मुळीच धरायचा नाही. पुढचा थांबला की आपणही जागच्या जागी थांबायचं, गप्पा मारायला जवळ जायचं नाही. सगळे एकत्र उभे राहिले की दोर असून नसल्यासारखा. सप्टेंबरात जुना बर्फ बराच वितळलेला असतो, त्यामुळे पुष्कळ भेगा उघड्या दिसतात. ते बरंच. पण ताजा बर्फ पडला की त्यांच्यावर पातळ साय धरते. म्हणून खिंडीच्या दिवशी पहाटे तीन-चारला निघतात, ऊन चढून बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत पार व्हायला.

खरा वैताग मात्र हिमनदीच्या अलीकडच्या मोरेनचा. हिमनदीने ढकलून आणलेल्या दगडधोंड्यांचे ढीग, खाली कुठे बर्फ, कुठे पोकळ. प्रत्येक दगड पाय ठेवल्यावर ठरवतो, हलायचं की नाही. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय तिथे थोडी कामी येते, काठ्या जास्त येतात.

ओढे सकाळी ओलांडा. बर्फ दिवसा वितळतो, त्यामुळे सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी संध्याकाळी मांडीला लागतं. पिन बाजूला उतरल्यावर जे पाणी लागतं ते मी अजून विसरलेलो नाही, पाय आपले आहेत की नाहीत ते कळत नाही. पाण्यात शिरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. अनवाणी नको, सँडल घाला.

आणि वाटेत पांडू पूल लागेल. नदीवर आडव्या पडलेल्या प्रचंड शिळा, भीमाने टाकल्या म्हणतात. शिळेत कोरलेल्या चिमुकल्या पायऱ्या ओल्या असतील तर भीमाचं नाव घेऊन बसून उतरा, लाज वाटून घेऊ नका.

*

प्रतिसाद ५

ते उपग्रहाचं यंत्र भाच्याकडेच राहू द्या! भारतात थुराया, इरिडियम या कंपन्यांचे उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. इरिडियमवर चालणारी संदेशाची छोटी यंत्रं सामानात सापडली म्हणून विमानतळावर लोकांना अडवल्याची उदाहरणं आहेत. पोलिसांना 'ट्रेकसाठी आणलं' म्हणून चालत नाही. बचावाची योजना काय, हे आयोजकांना विचारा आणि लेखी घ्या. घरी सांगून ठेवा की इतक्या तारखेपर्यंत फोन येणार नाही, आणि वर दोन दिवस धरा.

*

धागाकर्तीकडून (चार दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

फॉर्मवर 'हो' लिहिलं, तपशिलात सगळं लिहिलं, बर्फ ओढल्याचंसुद्धा. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून फोन आला, डॉक्टरांचा दाखला पाठवा. (प्रतिसाद २, तुमचं तेवढं बरोबर निघालं. फी जप्त नाही झाली.) वेळापत्रकाचा विषय काढल्यावर पलीकडचा मुलगा 'मॅडम, सगळे असंच करतात' वर अडून बसला. मी डॉक्टरताईंचे आकडे वाचून दाखवले. मग म्हणाला, गाइडशीच बोला.

संध्याकाळी गाइडचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाचा असावा. माझी परीक्षा घेईल म्हणून मी तयारीत होते. त्याने विचारलं, उलटी कितीला झाली, त्या रात्री झोप लागली का, आदल्या दिवशी किती चढला होता. मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, त्या दिवशी चढच जास्त होता, दीदी. यादीतला ओडी थाचचा मुक्काम ऑफिसने कापलाय हे त्याला माझ्याकडूनच कळलं. आता तो मुक्काम परत आलाय, मानतलाईला दोन रात्री आहेत आणि मधे हिमनदीच्या अलीकडे एक. परतीचं तिकीट तीन दिवसांनी पुढे ढकललं. त्याची एक अट आहे: शेवटच्या दोन कॅम्पांत सकाळी डोकं दुखत असेल तर दाराशी चहा यायच्या आधी त्याला सांगायचं. तो एक माणूस देईल, मी त्याच्याबरोबर खाली. हो म्हटलंय.

मागच्या वर्षी तंबूत माझ्याशेजारी झोपणारी जी होती, तिला काल फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, माझंही डोकं फुटत होतं. तू एवढी मजेत दिसत होतीस, म्हणून मी बोलले नाही."

यंत्र भाच्याने परत कपाटात ठेवलंय. उद्यापासून हार्नेस घालून गाठी शिकायला एका ओळखीच्या प्रस्तरारोहकाकडे जातेय. क्रॅम्पॉन माझ्या बुटांना बसतील की नाही हे कसं बघायचं, तेवढं कुणीतरी सांगा. बूट घोट्याच्या वरपर्यंत आहेत, पण तळ हाताने वाकवला तर वाकतो.