आयटूसी-एसपीआय बोर्ड तपासायला यूएसबी टूल कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, टेम्परेचर कंट्रोलरचे बोर्ड बनवतो. बोर्डवर एलएम७५ तापमान सेन्सर आणि २४सी०२ ईईप्रॉम (छोटी मेमरी) आयटूसीवर, तर डब्ल्यू२५क्यू३२ फ्लॅश (मोठी मेमरी) एसपीआयवर. आयटूसी आणि एसपीआय म्हणजे चिप्सनी एकमेकींशी बोलायच्या दोन पद्धती. सगळं ३.३ व्होल्टवर.

सध्या अर्डुइनो उनो आणि मध्ये लेव्हल शिफ्टर (५ व्होल्टचे सिग्नल ३.३ वर आणणारा) लावून काम चाललंय. सिरियल मॉनिटरवर हेक्स ४८ आणि ५० हे सेन्सर आणि ईईप्रॉमचे पत्ते दिसले की बोर्ड पास. पण फ्लॅश तपासायला दुसरं स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) चढवावं लागतं, आणि टेस्टिंगला बसणारा मुलगा आयटीआयचा आहे, त्याला कोडमध्ये हात घालायला लावायचा नाही. शिवाय ईईप्रॉममध्ये अनुक्रमांक लिहून तो परत वाचायचाय.

बुधवार पेठेत चौकशी केली तर सगळे सीएच३४१ए चिपचा काळा यूएसबी प्रोग्रामर (मेमरी वाचायचं-लिहायचं साधन) पुढे करतात. स्वस्त आहे, पण भरवसा वाटत नाही. बजेट बेताचं, आर्डवार्कसारखी महागडी टूल नकोत. विंडोजवर चालायला हवं. काय घ्यावं?

प्रतिसाद:
काळा सीएच३४१ए या कामाला नकोच. जंपर ३.३ वर असला तरी त्या बोर्डच्या बऱ्याच नगांत डेटा लाइनवर ५ व्होल्टच येतात. तुमची फ्लॅश २.७ ते ३.६ व्होल्टची. घेतलाच असेल तर आधी मल्टिमीटर लावून बघा.

नुसतं आयटूसी असतं तर एमसीपी२२२१ए (यूएसबीवरून आयटूसी देणारी चिप) सांगितला असता, विंडोजला वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. पण त्यात एसपीआय नाही. म्हणून एफटी२३२एचचं मॉड्यूल घ्या, दोन्ही होतं. आयटूसीला मॉड्यूलच्या डी१ आणि डी२ पिना जोडून एसडीए (डेटाची तार) करायचा, डी० एससीएल (क्लॉकची तार). बोर्डवर पुल-अप (या तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर) नसतील तर ४.७ के बाहेरून लावा. पायथनमध्ये पायएफटीडीआय लायब्ररी वापरणार असाल तर झॅडिग नावाच्या टूलने ड्रायव्हर बदलावा लागतो, तो एकदाच. मुलासाठी डबल क्लिकवर चालणारी बॅच फाइल करून द्या, हिरवं-लाल दाखवणारी. फ्लॅशचा आयडी ईएफ ४० १६ आला की ती बोलतेय.

ईईप्रॉमचं एक लक्षात ठेवा. बहुतेक २४सी०२ मध्ये पान (एका वेळी लिहिता येणारा भाग) ८ बाइटचं असतं. एका दमात त्यापलीकडे लिहिलंत तर पुढचे बाइट त्याच पानाच्या सुरुवातीवर चढतात. तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानंतर ५ मिलिसेकंद थांबा.

धागाकर्ता:
धन्यवाद! आमचा अनुक्रमांक १२ अक्षरी आहे, म्हणजे दोन तुकडे आलेच. अजून एक: एखादा बोर्ड उत्तरच देत नसेल तर दोष सोल्डरिंगचा की आयसीचा, हे एफटी२३२एचवरून कळेल का?

प्रतिसाद:
नाही, ते फक्त 'एसीके (चिपची पोच) आला नाही' एवढंच सांगेल. त्यासाठी २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलवाला लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरचे सिग्नल संगणकावर दाखवणारा) वेगळा घ्या, पल्सव्ह्यू सॉफ्टवेअरवर चालतो. आधी बोर्ड बंद करून एसडीए-ग्राउंड शॉर्ट आहे का तेवढं मल्टिमीटरच्या बझरवर बघा, अर्धे बोर्ड तिथेच सापडतील. आणि जिगच्या (बोर्ड बसवून तपासायच्या मांडणीच्या) तारा वीतभरच ठेवा.