घाटात काच पांढरी होते, मागे आईला गुदमरतं. गाडीतली हवा खेळती कशी ठेवावी?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. महिन्यातून एकदा कराडहून चिपळूणला जातो, कुंभार्ली घाटातून. छोटी हॅचबॅक, माणसं पाच. एसीने आईचे गुडघे धरतात म्हणून एसी बंद, पावसामुळे काचा बंद. पुढच्या ट्रकचा धूर नको म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबलेलं. कोयनानगर सोडलं की दहा मिनिटांत समोरची काच पांढरी! मागच्या खेपेला वळणावर समोरून आलेली एसटी अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही. तेव्हापासून धास्तीच बसली आहे. मागची काच उघडली तर कानात धडधड होते आणि आईला गाडी लागते ती लागतेच. छोटा पंखा बसवून घेऊ का? काचेवर मारायचा फवारा कुणी वापरलाय का?

पाना_तेरा:
दादा, पंखा राहू द्या, आधी ते बटण सोडा. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी काळी जाळी दिसेल. बाहेरची हवा तिथून आत येते. गाडी पळताना वारा बॉनेटवरून येऊन काचेला अडतो, तिथे दाब वाढतो, म्हणून ब्लोअर बंद असला तरी थोडी हवा आपसूक शिरते. पण नवी हवा यायची तर जुनीला बाहेर पडायला वाट हवी. बहुतेक गाड्यांत ती मागच्या बंपरच्या आड असते. तिथल्या रबरी झडपा आतून दाब आला की उघडतात, एरवी मिटलेल्या. म्हणजे पुढून मागे असा वाऱ्याचा ओढा सतत वाहायला हवा आणि तुम्ही तो बटण दाबून अडवलाय. पाच जणांचे श्वास, ओल्या छत्र्या, ओल्या चपला यांची सगळी वाफ आतच फिरते आणि पावसाने गार पडलेल्या काचेवर बसते. डिकी गच्च भरत असाल तर त्या झडपांपर्यंत हवा जायला आत सामानात थोडी जागा सोडा.

गुडघ्यांना त्रास गारव्याचा होतो. एसी चालू ठेवून तापमानाचा नॉब गरमकडे फिरवा. एसीच्या गार कॉइलवर हवेतलं पाणी गळून पडतं (गाडीखाली ठिबकतं ते हेच), मग ती कोरडी हवा हीटरवरून कोमट होऊन येते. झोत काचेवर, हवा बाहेरची, एसी चालू, एवढं केलंत की काच भराभर स्वच्छ होते. मात्र काच बाहेरून धुरकटली असेल तर ती जास्त गार झाली आहे. तेव्हा वायपर फिरवा आणि गार झोत काचेवरून काढा.

फवारा थोडा वेळ साथ देतो, ओल काही कमी करत नाही. ग्लव्हबॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, शेवटचा कधी बदललाय?

रानजाई:
गुदमरण्याबद्दल सांगते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. बंद काचा, पाच माणसं आणि तीच हवा असेल तर अर्ध्या तासात तो दोन हजारांच्या पुढे सहज जातो. डोकं जड होतं, जांभया येतात. चालवणाराही तीच हवा घेत असतो, हे विसरू नका. ट्रकमागे किंवा बोगद्यात बटण जरूर दाबा, पण बाहेर पडताच सोडा.

धडधडीचं कारण म्हणजे एकच काच उघडी असली की गाडी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी घुमते. तिरक्या कोपऱ्यातली दुसरी काच दोन बोटं खाली करा, थांबेल. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी टोयोटा प्रियसच्या धाटणीच्या गाडीतला वारा संगणकावर मांडला होता, वेग ताशी साधारण 80 किलोमीटर. मागच्या काचांपाशी दाब पुढच्यापेक्षा जास्त निघाला. म्हणजे चारही काचा उघड्या असल्या तर हवा मागून शिरून पुढून निघते! मला हे वाचेपर्यंत उलटंच वाटायचं.

सडा_वाघापूर:
एक कळकळीची विनंती. डिकी उघडी ठेवून सामान नेऊ नका. पळत्या गाडीच्या मागे दाब कमी असतो, तिथे सायलेन्सरचा धूर घोटाळतो आणि उघड्या डिकीतून आत ओढला जातो. आम्ही गादी अशीच आणली होती, तासाभरात तिघांची डोकी ठणकायला लागली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळत नाही.

कोयनाकाठ:
मंडळी, मनापासून आभार. फिल्टर काढला तर काळाकुट्ट, वर पानांचा चुरा. दर सर्व्हिसिंगला बदलला असेल असं मी धरून चाललो होतो. नवा घातला. काल कोमट एसी आणि बाहेरची हवा ठेवून गेलो, पोफळीपर्यंत काच स्वच्छ. आईला एकदाही गाडी थांबवायला लागली नाही, हेळवाकनंतर तर ती चक्क झोपली. फक्त पुढे डावीकडे पायाखालचं कार्पेट ओलं असतं, कुबट वास येतो.

पाना_तेरा:
छान झालं! कार्पेट कधी भिजतं ते आधी बघा. पावसात उभ्या गाडीत भिजत असेल तर जाळीखालची पाणी जायची भोकं पानांनी तुंबली असतील. एसी चालवल्यावरच भिजत असेल आणि गाडीखाली ठिबकणं बंद असेल तर एसीची नळी चोंदली आहे. कार्पेट उचलून उन्हात वाळवा, नाहीतर तीच ओल पुन्हा काचेवर येईल.